पूर्वसंशोधनाचा आढावा: यादी, मोजणी की अर्थ लावणं? कोणती वाट कधी निवडावी

प्रबंधाचं दुसरं प्रकरण, म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा, लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याकडे साठ-सत्तर शोधनिबंध असतात, प्रत्येकाची टिपणं असतात. तरीही मार्गदर्शक मसुदा परत करतात आणि समासात लिहितात, "ही यादी झाली. संश्लेषण कुठे आहे?" माझा पहिला मसुदाही असाच परत आला होता. भाषा कमी पडली असेल असं समजून मी तो पुन्हा नीटनेटका लिहिला, आणि तो पुन्हा परत आला. अडचण भाषेत नव्हतीच. आपण नेमकं कशा प्रकारचं काम करतोय, हे मी ठरवलंच नव्हतं.

पहिली निवड सारांश आणि संश्लेषण यांच्यातली. एक सोपी तपासणी करा. प्रकरणातल्या प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर उतरवा. ती वाक्यं संशोधकांच्या नावांनी सुरू होत असतील ("अमुक यांनी अभ्यास केला, तमुक यांना आढळलं") तर तो सारांश आहे. वाक्य एखाद्या विधानाने सुरू होत असेल आणि संशोधक त्याचे साक्षीदार म्हणून मागून येत असतील, तर संश्लेषण सुरू झालं. संश्लेषणाचं मुख्य वाक्य मूळच्या एकाही निबंधात सापडत नाही, पण त्या सगळ्यांच्या आधाराशिवाय ते उभंही राहत नाही.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण 1986 सालचं आहे. डॉन स्वॉन्सन हे शिकागो विद्यापीठातले माहितीशास्त्रज्ञ. वैद्यकीय प्रयोगशाळेशी त्यांचा संबंध नव्हता. माशाच्या तेलावरच्या निबंधांत त्यांना दिसलं की या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो आणि रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) एकमेकींना कमी चिकटतात. रेनॉडच्या विकारात थंडीने बोटांचा रक्तपुरवठा आखडतो. त्यावरच्या निबंधांत उलट नोंदी होत्या: रक्त दाट, बिंबिका जास्त चिकट. हे दोन गट एकमेकांचे संदर्भ जवळजवळ देतच नव्हते. स्वॉन्सन यांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचले आणि माशाचं तेल या विकारात उपयोगी पडेल असं गृहीतक मांडलं. 1989 मध्ये रुग्णांवरच्या एका चाचणीत, मूळ कारण दुसरा आजार नसलेल्या रुग्णांबाबत, त्याला आधार मिळाला. एकही नवा प्रयोग न करता नवा विचार जन्मला. दोन्ही गटांचा उत्तम सारांश वेगवेगळा लिहून हे कधीच झालं नसतं.

तेव्हा संश्लेषण करायचंच. पण कोणतं?

कथनात्मक आढावा ही सर्वांत जुनी आणि मोकळी वाट. एखादी संकल्पना कुठून आली, तिचे अर्थ कसे बदलत गेले, दोन विचारपरंपरा कुठे भिडतात, असा प्रश्न असेल तर हीच घ्या. इथे लेखकाची समज हेच मुख्य साधन असतं, आणि धोकाही तिथेच असतो. आपल्या म्हणण्याला पूरक तेवढे निबंध नकळत हाताशी येतात आणि विरोधातले वाचायचे राहून जातात. निबंध कुठे शोधले, काय गाळलं आणि का, एवढा एक परिच्छेद जरी लिहिला तरी वाचकाचा विश्वास बसतो.

पद्धतशीर आढाव्यात हा मोकळेपणा मुद्दाम सोडायचा असतो. प्रश्न आधी बांधायचा, कोणते निबंध घेणार याचे निकष आधी लिहायचे, शोधाची नोंद ठेवायची आणि निवड दोघांनी स्वतंत्रपणे करायची. आराखडा आधीच जाहीर करण्यासाठी 2011 पासून प्रॉस्पेरो ही नोंदवही आहे. अहवालात काय काय असावं यासाठी प्रिझ्मा ही 27 मुद्द्यांची तपासणी-यादी वापरतात. अशा आढाव्यांना सरासरी 67 आठवडे लागतात, असं 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसलं. एकट्याने, एका सत्रात हे होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आकडे एकत्र करता येण्याजोगे असतील तर त्यापुढची पायरी सगळ्या अभ्यासांचे आकडे जोडून एकच उत्तर काढण्याची, म्हणजे मेटा-अ‍ॅनॅलिसिसची. कार्ल पिअर्सन यांनी 1904 मध्येच विषमज्वराच्या लसीबाबत सैनिकांची वेगवेगळ्या ठिकाणची आकडेवारी एकत्र केली होती. हे नाव मात्र जीन ग्लास यांनी 1976 मध्ये दिलं. ही मोजणी किती मोलाची ठरू शकते हे स्ट्रेप्टोकायनेजच्या बाबतीत दिसलं. हृदयविकाराच्या झटक्यात हे औषध शिरेतून दिल्यास जीव वाचतात का, यावर 1959 ते 1988 या काळात 33 चाचण्या झाल्या. त्या ओळीने जोडत नेल्या तेव्हा, 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसलं की 1973 मध्येच, अवघ्या आठ चाचण्या आणि 2,432 रुग्णांनंतर, मृत्यू कमी होतात हे संख्याशास्त्रीयदृष्ट्या स्पष्ट झालं होतं. पुढच्या 25 चाचण्यांत आणखी 34,542 रुग्ण आले आणि उत्तर जवळपास तेच राहिलं. त्यातल्या कित्येकांना तुलनेच्या गटात ठेवल्यामुळे ते औषध मिळालं नाही. उत्तर कागदोपत्री हजर होतं. ते कुणी वेळेवर एकत्र वाचलं नव्हतं. संश्लेषण म्हणजे प्रबंधातली निव्वळ औपचारिकता आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे आकडे सावकाश वाचावेत.

मात्र सरासरी काढली की काम संपलं, असं नाही. छापील मजकूर वाचून जास्त समजतं की पडद्यावर वाचून, या प्रश्नावर उलटसुलट निष्कर्षांचे कितीतरी अभ्यास आहेत. सारांश लिहिणारा म्हणेल, "काहींना फरक आढळला, काहींना आढळला नाही." 2018 मध्ये अशा 54 अभ्यासांचं (1,71,055 सहभागी) विश्लेषण झालं. छापील मजकुराचा फायदा वाचायला वेळ बांधून दिला असता जास्त दिसला. तो माहितीपर मजकुरात होता. निव्वळ गोष्टी वाचताना दिसला नाही. म्हणजे ज्याला आपण परस्परविरोध समजत होतो, त्यातला बराचसा भाग परिस्थितीतला फरक होता. विरोधी निष्कर्ष समोर आले की "मतभेद आहेत" असं लिहून पुढे जाऊ नका. कुणी काय वेगळं मोजलं ते शोधा. मूळ अभ्यासच इतके वेगळे असतील की एका बेरजेला अर्थ उरत नाही, तर आकडा काढूच नका.

अनुभवांवरचे, मुलाखतींवरचे अभ्यास हाती असतील तर बेरीज मुळातच गैरलागू. तिथे जॉर्ज नॉब्लिट आणि ड्वाइट हेअर यांनी 1988 मध्ये मांडलेली मेटा-एथ्नोग्राफी कामाची. त्यात एका अभ्यासातली संकल्पना दुसऱ्या अभ्यासाच्या भाषेत उतरवून पाहायची असते. समजा, दीर्घ आजार असलेल्या माणसांच्या मुलाखतींवरचे दोन अभ्यास आहेत. एकात 'आजार लपवणं' मध्यवर्ती आहे, दुसऱ्यात 'शक्तीचा रोजचा हिशेब'. नीट पाहिलं तर लपवण्यातही शक्ती खर्च होते, म्हणून कुणापुढे लपवायचं याचाही हिशेब होतो. हे तिसरं वाक्य दोन्ही संशोधकांनी लिहिलेलं नाही, पण दोघांच्याही मुलाखतींना ते लागू पडतं. मात्र संकल्पना जुळत नसतील तर ओढूनताणून जुळवू नयेत. त्या एकमेकींना कुठे खोडतात हे दाखवणंही याच पद्धतीत बसतं.

विषयात आजवर काय काय झालंय एवढाच नकाशा हवा असेल तर व्याप्ती-आढावा पुरे. तिथे निष्कर्ष तोलण्याची अपेक्षा नसते.

आता निवड. "हा उपाय चालतो का, किती?" असा प्रश्न, जोडीला एक सहकारी आणि सव्वा-दीड वर्ष हाताशी असेल तर पद्धतशीर आढावा घ्या. "माणसं हे कसं अनुभवतात?" असं विचारायचं असेल तर मेटा-एथ्नोग्राफी, आणि तीही थोड्याच अभ्यासांवर, कारण प्रत्येक अभ्यास पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. एकटे असाल, सहा महिने असतील आणि प्रकरणाचं काम तुमच्या स्वतःच्या प्रश्नाला पाया देण्याचं असेल, तर मी कथनात्मक आढावाच सुचवेन, शोधाची प्रामाणिक नोंद ठेवून.

वाट कोणतीही असो, लिहायला बसण्याआधी एक तक्ता करा. आडव्या ओळींत निबंध; उभ्या रकान्यांत तुमचे प्रश्न: कुणाचा अभ्यास केला, काय मोजलं, काय गृहीत धरलं, काय आढळलं. भरताना तो आडवा भरला जाईल. लिहिताना मात्र उभा वाचा, एकेक रकाना वरपासून खालपर्यंत, आणि प्रत्येक रकान्यातून एक वाक्य काढा. तीच तुमच्या परिच्छेदांची पहिली वाक्यं.