क्लासिक ३५०चा बिननावाचा बेंड-बॉटल सेट: आवाज दमदार, जोड कच्चे

बेळगाव, निपाणी, चिकोडी, कुठल्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०साठी बेंड पाइप (इंजिनातून निघणारा वाकडा पाइप) आणि शॉर्ट बॉटलचा (आखूड सायलेन्सरचा) सेट टांगलेला दिसतो. खोक्यावर कंपनीचं नाव नसतं. आत बेंड, बॉटल, एक क्लॅम्प आणि दोन बोल्ट. गॅस्केट (जोड हवाबंद करणारी चकती) नाही, स्लीव्ह (दोन पाइपांमधली फट भरणारी नळी) नाही, बसवायच्या सूचना नाहीत. आणि आठवडाभरात तक्रार ठरलेली: ‘सेट बसवल्यापासून गाडी फटाके मारूलालीय, सिग्नलला बंद पडूलालीय.’ त्यावर गल्लीतलं उत्तरही ठरलेलं, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा भाग) मोठा टाका. जेटला एवढ्यात हात लावू नका. या सेटचं दुखणं बॉटलमध्ये कमी आणि जोडांमध्ये जास्त आहे.

आधी फटाका कुठे वाजतो ते ऐका. थ्रॉटल सोडल्यावर मागे बॉटलमध्ये फटफट होत असेल, तर न जळालेलं पेट्रोल गरम पाइपात पेटतंय. त्याला पेटायला हवा लागते आणि ती बहुतेक वेळा सैल जोडातून आत ओढली जाते. थ्रॉटल देताना पुढे, कार्बोरेटरच्या बाजूने ‘फट’ होऊन गाडी अडखळत असेल, तर मिश्रण पातळ आहे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) किंवा इनटेकचा, म्हणजे कार्बोरेटर इंजिनाला जोडणारा रबर चिरलाय. तिथे सायलेन्सरला दोष देण्यात अर्थ नाही. दुकानदार दोन्हींना ‘बॅकफायर’ म्हणतो आणि दोन्हींवर एकच औषध देतो, तिथेच घोळ होतो.

आता सेट हातात घेऊन बघा. बॉटलच्या तोंडाला क्लॅम्प आवळता यावा म्हणून उभी चीर दिलेली असते. बेंडचं टोक बॉटलमध्ये जिथवर जातं, चीर त्याहून लांब असेल तर क्लॅम्प कितीही आवळा, चिरेचा वरचा भाग उघडाच राहतो. बेंड आत सरकवून टोक कुठे येतं तिथे मार्करने खूण करा, चीर खुणेच्या पुढे गेली की माल परत. व्हर्नियर असेल तर बेंडचा बाहेरचा आणि बॉटलचा आतला व्यास मोजा. अर्ध्या मिलिमीटरचा फरक ग्राफाइट स्लीव्ह खपवून घेते. दीड-दोन मिलिमीटरची फट सायलेन्सर पेस्टने भरली तर पेस्ट तापून तडकते आणि थोड्याच दिवसांत फटाके पुन्हा सुरू होतात. अशा वेळी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर मापाची स्टीलची स्लीव्ह करून घ्या, ते काम तिथे सहज होतं.

हेडकडचा, म्हणजे बेंड इंजिनाला बसतो तो जोड याहून महत्त्वाचा. जुनी चेपलेली गॅस्केट पुन्हा वापरायची नाही, ती एकदाच दाबली जाते. दोन्ही नट आधी हाताने बसवा, मग बॉटलचा ब्रॅकेट सैल ठेवून एकेक नट थोडा थोडा आलटून-पालटून आवळा आणि ब्रॅकेट सगळ्यात शेवटी. आधी ब्रॅकेट आवळला की बेंड तिरका ओढला जातो, फ्लँज (बेंडच्या टोकाची, नटांनी आवळायची पट्टी) एका बाजूने उचलला जातो आणि पुढे कधीतरी स्टडही तुटतो. गाडी एकदा पूर्ण तापून थंड झाली की नट पुन्हा तपासायचे. या सेटचा फ्लँज पातळ पत्र्याचा आहे, जोर लावला की वाकतो. हे त्याचं सगळ्यात मोठं वजा.

गळती शोधायला मशीन लागत नाही. थंड इंजिन चालू करून बॉटलच्या तोंडावर जाड ओलं फडकं दोन-तीन सेकंद धरा. जोड घट्ट असतील तर इंजिन गुदमरतं, सैल असतील तर फुसफुस ऐकू येते. साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडे नेमकी जागा दाखवतात. काही दिवस चाललेल्या गाडीत जोडाभोवती काळी काजळी पसरलेली असते, तीच खूण.

२०२०पूर्वीच्या कार्बोरेटरच्या गाडीत आणखी एक जागा आहे. एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारा पीएव्ही व्हॉल्व्ह. त्याची नळी मऊ पकडीने चिमटून गाडी चालवून बघा. फटाके थांबले तर व्हॉल्व्ह बंद व्हायचा तेव्हा होत नाहीये. ही फक्त तपासणी आहे, नळी कायमची बुजवून ठेवू नका. हे सगळं ठीक निघालं आणि तरी गाडी आयडलला (थ्रॉटल न देता उभी असताना) मरते, तर मग कार्बोरेटरचा मिक्स्चर स्क्रू. हलक्या हाताने पूर्ण आत फिरवत फेरे मोजून लिहून ठेवा, परत मूळ जागी आणा आणि पाव पाव फेरा बाहेर काढत आयडल कुठे स्थिर होतं ते बघा. एक फेरा काढूनही फरक पडत नसेल तर आयडलला पेट्रोल देणारा पायलट जेट तुंबलाय किंवा इनटेकचा रबर हवा घेतोय. मेन जेटचा संबंध थ्रॉटल बराच उघडल्यावर येतो. सिग्नलला बंद पडणाऱ्या गाडीत मेन जेट बदलणं म्हणजे पोटदुखीवर डोक्याला बाम. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे कार्बोरेटरची गाडी आधीच थोडी पातळ चालते, त्यामुळे एक नंबर मोठा जेट कधी कधी लागतोही, पण प्लगचा रंग बघून. आणि या इंजिनाला दोन प्लग आहेत, दोन्ही बघा.

इंजेक्शनच्या गाडीत गोष्ट उलटी फिरते. बेंडवरच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी, इंजिनाच्या बाजूला गळती असेल तर बाहेरची हवा सेन्सरला लागते. ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं मिश्रण पातळ आहे, तो पेट्रोल वाढवतो. मग प्लग काळे, ॲव्हरेज कमी आणि गरम गाडी क्लच दाबताच बंद. या सेटच्या बेंडवर सेन्सर बसवायचा आट्यांचा बुश वाकडा वेल्ड केलेला सापडतो, थ्रेडमध्ये वेल्डचे थेंब असतात. तसाच सेन्सर आवळला तर सेन्सरचे आटे जातात, आधी टॅप फिरवून घ्या. सेन्सरची वायर पाइपाला टेकत नाही ना, तेही बघा. बॅटरीची वायर काढून ‘ईसीयू रिसेट’ केल्याने गळती बुजत नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. इथे काठावर पातळ ट्यून केलेली कार्बोरेटरची गाडी जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळीला गेली की दाट हवेत आणखी पातळ होते, शिवाय घाटभर थ्रॉटल बंद. एवढ्या उतारावर एखाददुसरी फट मनावर घेऊ नका. सपाटीवर, खानापूर रोडला प्रत्येक थ्रॉटल सोडताना वाजत असेल तरच शोध घ्या.

धातूबद्दल: दुकानदार चुंबक चिकटत नाही हे दाखवून ‘३०४ स्टील’, म्हणजे चांगलं स्टेनलेस, असं सिद्ध करतो. हलक्या प्रतीच्या २०२ लाही चुंबक चिकटत नाही. खानापूरकडच्या पावसात वेल्डजवळ तांबेरा येतो, तो याच सेटवर बघायला मिळेल. आतली काचलोकर कमी भरलेली असते, महिन्या-दोन महिन्यांत आवाज फाटतो.

आवाजाला चार तारे, बसणीला दीड. नुसती बॉटल घ्यायची तर डीबी किलरवाली (तोंडात आवाज दाबणारी नळी असलेली) घ्या आणि मूळ बेंड तसाच ठेवा, निम्मी कटकट तिथेच संपते. बेंड मात्र घेऊ नका. नव्या क्लासिकच्या मूळ बेंडमध्येच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, तो काढणं बेकायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज-धुराच्या पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने जातं. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे पकडा नाहीतर पलीकडे, कलम तेच. बेंड आधीच बदलला असेल तर जुना भंगारवाल्याला देऊ नका. त्याच्या कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम गटातल्या धातूंसाठीच तो मागत असतो, आणि नवा मूळ बेंड घ्यायला गेलात की हा अख्खा सेट स्वस्त वाटेल.