बक आणि बूस्ट मॉड्यूल: काही महिन्यांच्या वापरानंतर

12 व्होल्टच्या बॅटरीवर 5 व्होल्टचा छोटा कॉम्प्युटर बोर्ड चालवायला एलएम2596 चिपचं बक (व्होल्टेज उतरवणारं) मॉड्यूल घेतलं, आणि 5 व्होल्टच्या पॉवर बँकेवर 12 व्होल्टचा राउटर चालवायला एमटी3608 चिपचं बूस्ट (व्होल्टेज चढवणारं). दोन्ही कित्येक महिने रोज वापरात आहेत. बक मनापासून आवडलं. बूस्टही कामाचं आहे, पण त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

आधी बोर्डाला 7805 हा साधा 5 व्होल्टचा रेग्युलेटर होता. तो वरचे 7 व्होल्ट चक्क जाळतो. लोडने 1 अँपिअर घेतला की 7 वॉटची नुसती उष्णता, हीटसिंकला बोट लावायची सोय नाही. बकमधला स्विच सेकंदाला सुमारे दीड लाख वेळा चालू-बंद होतो. चालू असताना कॉइलमध्ये ऊर्जा साठते, बंद झाला की तीच डायोडच्या वाटेने लोडला मिळते. कार्यक्षमता 80 टक्के धरली, तरी त्याच 5 वॉटच्या लोडसाठी बॅटरीतून 1 अँपिअरऐवजी अर्ध्याच्या जरासाच वर करंट जातो. बॅटरी जवळपास दुप्पट वेळ पुरते, आणि मॉड्यूल जेमतेम कोमट होतं! कागदावर 3 अँपिअर लिहिलेत, पण हीटसिंक न लावता मी दीडच्या पुढे जात नाही.

आउटपुट व्होल्टेज ठरवणाऱ्या प्रीसेटचा पितळी स्क्रू लोड जोडायच्या आधीच, मल्टिमीटर लावून फिरवा. नव्या मॉड्यूलवर बरेच फेरे फिरवूनही आकडा हलत नाही, मग एकदम उतरू लागतो. लोड जोडल्यावर पुन्हा मोजा, तेही बोर्डाच्या टोकाला. बारीक वायरीतच पाव व्होल्ट सहज पडतो.

बूस्टचं गणित उलटं. राउटरला 12 व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे 6 वॉट हवेत. तेच 5 व्होल्टवरून काढायचे तर आत सव्वा अँपिअरहून जास्त ओढला जातो. केबल बारीक असेल तर व्होल्टेज पडतं, ते भरून काढायला मॉड्यूल आणखी करंट ओढतं, त्याने व्होल्टेज आणखी पडतं. माझा राउटर याच कारणाने रीस्टार्ट व्हायचा. जाड, आखूड केबल लावली आणि थांबलं.

बूस्टच्या इनपुटला फ्यूज मात्र लावाच. चिप बंद असली तरी इनपुट कॉइल आणि डायोडमधून थेट आउटपुटला पोचतं, त्यामुळे आउटपुट शॉर्ट झालं तर चिप ते तोडू शकत नाही.