अप्पांच्या पिशवीचा काटा

चाळीस वर्षं मी काटे दुरुस्त केले. इंदूरच्या सियागंजातल्या धान्य-किराण्याचे, आणि हात स्थिर होता तोवर सराफ्यातले सोन्याचेसुद्धा. त्यामुळे दवा बाजारातल्या दुकानदाराने काउंटरवर लघवीची पिशवी टांगायचा एक हूक ठेवून "भिया, थैली भरी कि घंटी बजी" असं म्हटलं, तेव्हा किंमत विचारायच्या आधी मी तो उलटा करून लोड सेल, म्हणजे वजन ओळखणारा भाग, कुठे बसवलाय ते पाहिलं.

हूक आमच्या अप्पांसाठी हवा होता. वय 86. प्रोस्टेटमुळे लघवी अडली, हृदय कमजोर म्हणून डॉक्टर ऑपरेशन नको म्हणाले, तेव्हापासून कॅथेटर, म्हणजे मूत्राशयात घातलेली नळी, आणि पलंगाला लटकवलेली 2000 मिलीची पिशवी. दिवसा घरात कुणी ना कुणी असतंच, भानगड रात्रीची. अप्पांचे पाय सुजतात. दिवसभर पायांत साठलेलं पाणी माणूस आडवा झाला की रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं रात्रपाळी सुरू करतात. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची, असं सिस्टरने बजावून सांगितलं होतं. त्याहून जास्त भरली तर तिचं ओझं कॅथेटर ओढतं, आणि आत जो 10 मिली पाण्याचा फुगा नळी धरून असतो तो ताणला जातो. पिशवीतली झडप लघवी मागे जाऊ देत नाही हे खरं, पण पुढे यायला जागाच नसेल तर झडप काय करणार? म्हणून रात्री तीनदा मोबाइलचा टॉर्च घेऊन उठायचं. दीड महिन्यात माझंच बीपी वाढलं.

आधी एक स्वस्तातली वस्तू आणली होती, पिशवीला बाहेरून चिमटा लावायची. प्लास्टिकच्या आड पाणी आलं की तिला कळतं. पण हात लावला तरी ती वाजे, कारण हातातही पाणीच की. पिशवीला सुरकुती पडली तर मात्र पाणी चिमट्याच्या वर गेलं तरी गप्प. आठ दिवसांत परत केली.

हा हूक वजनावर चालतो. 2,350 रुपये, तीन पेन्सिल सेल, आणि दुसऱ्या खोलीत प्लगमध्ये खोचायची एक बेल. घरी आणल्यावर पहिल्यांदा दुकानातली मोहर मारलेली वजनं लटकवली. 500 ला 502, किलोला 1004, दोन किलोला 2011. एखाद्या किराणेवाल्याने असा काटा वजनमापं तपासणाऱ्या नापतौल विभागात नेला असता तर मोहर न मिळताच परत आणावा लागला असता. इथे अकरा ग्रॅमनी कुणी बुडत नाही. लघवी पाण्याहून किंचित जड असते, लिटरमागे साधारण पाच ते तीस ग्रॅम, तेही सोडून दिलं. पिशवीवर छापलेल्या रेघांपेक्षा हे कितीतरी बरं. रेघ 1000 दाखवत होती तेव्हा मापात ओतून पाहिलं, तर 1120 निघाले. पिशवी पोटाला फुगते, रेघ बिचारी काय करील.

अप्पा पडल्या पडल्या सगळं बघत होते. दुकान त्यांनीच सुरू केलेलं. म्हणाले, "टेअर केलास का?" केलं होतं. रिकामी पिशवी आणि नळी लावून शून्य, मग 1200 ला बेल. "आणि पासंग?"

पासंग, म्हणजे काट्यातली खोट, निघालाच. तिसऱ्या रात्री बेल वाजली नाही आणि पहाटे पिशवी टम्म. हूक दाखवत होता 870. खाली वाकून पाहिलं तर पिशवीचा तळ फरशीला टेकलेला. अर्धं ओझं फरशीनेच उचललं होतं! तशी ती फरशीला टेकूच नये, जंतूंच्या भीतीने, हे सिस्टरने सांगितलं होतं. पण पिशवी भरताना लांबते हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पलंगाच्या चारही पायांखाली विटा दिल्या. दुसरा पासंग नळीचा. अप्पा कुशीवर वळले की नळी ताणली जाते आणि आकडा शे-दीडशेने उडतो. नळीला मांडीपाशी टेपने पकडून थोडा झोल ठेवला, तेव्हापासून खोटी घंटी बंद. यातलं एक अक्षरही डब्यातल्या कागदावर नाही. त्यावर फक्त सेल कसे घालायचे त्याचं चित्र आहे.

एवढं जमल्यावर मला झोप लागू लागली. साधारण साडेतीनला एकदा वाजायचं, उठायचं, हात धुवायचे, खालचा नळ उघडून बादलीत सोडायचं, नळाचं तोंड पुसायचं, आकडा वहीत लिहायचा. बायको म्हणाली, तुमचा चेहरा माणसासारखा दिसायला लागला.

आणि मग ती रात्र. अकराला आकडा 240. चारला मला आपोआप जाग आली, बेल वाजली नाही म्हणून मनात म्हटलं, वा, आज अप्पा शांत. जाऊन पाहिलं तर अप्पा घामाघूम, चादर मुठीत धरलेली, पोट खाली टणक. हूकवर 260. पाच तासांत वीस ग्रॅम! नळी गादी आणि पलंगाच्या दांडीत चिमटून बसली होती. सोडवली तसा आकडा धावायला लागला. सातशेच्या पुढे गेला तेव्हा अप्पांनी मूठ सोडली.

सकाळी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मोठ्या माणसाला ताशी किलोमागे अर्धा मिली तरी लघवी व्हायला हवी. अप्पांचं वजन 58, म्हणजे तासाला तीस धरा. पाच तासांत दीडशे. आयसीयूत यासाठीच ते तासातासाचं माप असलेलं युरोमीटर लावतात.

आता माझी तक्रार. हा हूक क्षणाक्षणाला वजन बघतो. दोन तासांत वजन वाढलंच नाही, हे त्याला माझ्याआधी कळतं, आणि तरी तो गप्प बसतो, कारण बनवणाऱ्याला फक्त भरलेल्या पिशवीची काळजी. भरलेली पिशवी म्हणजे सगळं वाहतंय. भीती हलक्या पिशवीची. डब्यावरच्या नंबरला फोन लावला तर पोरगा म्हणाला, "सर, ये तो फुल अलार्म है, एम्प्टी का नहीं आता." अरे, नवा सुटा भाग लागत नाही त्याला, लोड सेल तोच, पडदा तोच, बेल तीच. आतल्या प्रोग्रॅममध्ये थोडी भर घातली की काम झालं.

घ्यावा का? रात्री घरात उठणारा माणूस असेल तर घ्या, पैसे वसूल आहेत. माणसाच्या ऐवजी म्हणून घेऊ नका. पाच तारे मागितले होते, मी तीन दिले. कागद नीट छापला तर चौथा देईन. सेल पाच आठवडे चालतात आणि संपताना काही सांगत नाहीत, म्हणून मी दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. बेलचा आवाज थेट आमच्या दाराच्या घंटीसारखा आहे, पहिल्या रात्री मी दुधवाला समजून भांडं घेऊन दार उघडलं होतं. मोबाइलवर दोनचा गजर लावलाय. उठतो, आकडा बघतो, नळीवरून हात फिरवतो. अप्पा जागे असतात बहुतेक. डोळे न उघडताच विचारतात, "किती?"