अतिरिक्त मृत्यूंचे आलेख: ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ची सेवा वापरताना

कोविडने प्रत्यक्षात किती माणसे नेली, हे पाहण्यासाठी ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ या आकडेवारीच्या संकेतस्थळाचे अतिरिक्त मृत्यूंचे आलेख मी नेहमी उघडतो. सेवा विनामूल्य आहे आणि आलेखामागची आकडेवारीही उतरवून घेता येते.

हिशेब असा: २०१५ ते २०१९ च्या मृत्यूंवरून, साथ आलीच नसती तर अमुक आठवड्यात किती मृत्यू झाले असते, ते काढायचे, प्रत्यक्ष मृत्यूंतून ते वजा करायचे आणि उरलेला फरक अपेक्षित संख्येच्या टक्केवारीत मांडायचा. दाखल्यावर कारण काय लिहिले आहे, याला येथे महत्त्व उरत नाही. चाचणीविना गेलेला रुग्ण मोजला जातो, तसाच खाट न मिळाल्याने दगावलेला हृदयरोगीही. २०२० मध्ये पेरूची रेषा शंभर टक्क्यांपलीकडे जाते, तर न्यूझीलंडची शून्याखाली उतरते, कारण निर्बंधांमुळे तेथे फ्लूही फारसा फिरकला नाही.

खरी मेख ‘अपेक्षित’ या शब्दात आहे. आरंभी येथे पाच वर्षांची सरळ सरासरी घेतली जात असे. परंतु वृद्धांची संख्या वाढत असलेल्या देशात मृत्यू एरवीही दरसाल थोडे वाढतात आणि ती वाढ सरासरीमुळे साथीच्या खात्यावर पडते. नंतर स्वीकारलेली कार्लिन्स्की आणि कोबाक या संशोधकांची पद्धत हा कल विचारात घेते, हे मला अधिक पटते. जागतिक आरोग्य संघटनेलाही जर्मनीतील अतिरिक्त मृत्यूंचा १.९५ लाखांचा अंदाज १.२२ लाखांवर आणावा लागला, तो याच अपेक्षित रेषेच्या चुकीपायी.

भारतीय वाचकाची मात्र निराशा होते. देशभराची मासिक मृत्युनोंदणी हाती नसल्याने टक्केवारीच्या आलेखात भारत सापडत नाही. त्यासाठी ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाच्या प्रारूपाचा, म्हणजे गणिती अंदाजाचा, आलेख पाहावा लागतो. तेथे ठळक रेषेभोवती अनिश्चिततेचा फिकट पट्टा आहे. नवखा वाचक रेषा वाचतो. वाचायचा असतो तो पट्टा, कारण खरा आकडा त्यात कुठेही असू शकतो. २०२१ अखेरपर्यंत कोविड मृत्यूंचा सरकारी आकडा सुमारे ४.८ लाख आणि आरोग्य संघटनेचा अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाख, इतकी दोहोंत दरी आहे, आणि सरकारने तो अंदाज अमान्य केला. पुढे २०२१ ची नोंदणी जाहीर झाली, तेव्हा २०२० चे नोंदलेले ८१ लाख मृत्यू १.०२ कोटींवर गेलेले दिसले. अर्थात नोंदणीचे प्रमाणही सुधारत असल्याने ही सारी वाढ साथीची म्हणता येत नाही.

कोणत्याही देशाच्या रेषेचे अगदी शेवटचे आठवडे मी सोडून देतो. नोंदी उशिरा येतात, आपल्याकडे तर कायद्यानेच २१ दिवसांची मुदत आहे, त्यामुळे तेथे दिसणारी घसरण बहुधा कागदोपत्रीच असते.