चाळीतल्या शेजाऱ्यांची पन्नास वर्षं: दीर्घकथा की कथामालिका?

गिरणगावातल्या एका मजल्यावरची बिऱ्हाडं घ्यायची आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापासून गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहीपर्यंतचा काळ त्यांच्यातून वाहू द्यायचा, असं मनात असलेल्यांपुढे हा प्रश्न येतोच. कादंबरीचा पसारा नको आहे. मग एकच दीर्घकथा, की एकमेकींत गुंतलेल्या सहा-सात कथा? मी एकाच ऐवजावर दोन्ही लिहून पाहिल्या आहेत, तेवढ्या अधिकाराने सांगतो.

दीर्घकथेत वैर मुरतं. १९७० साली परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि परळच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक निवडून आले. शिवसेनेचे पहिले आमदार. माझ्या मजल्यावर समोरासमोरच्या दोन खोल्यांपैकी एक लाल बावट्याची, दुसरी सेनेची. निकालानंतर पुरुषांनी बोलणं टाकलं, बायका मात्र नळावर पहिल्यासारख्याच बोलत राहिल्या. हा अबोला वाचकाने शेवटपर्यंत अंगावर वागवावा असं वाटत असेल, तर एका बैठकीत वाचली जाणारी दीर्घकथाच हवी. दिवाळी अंकांतही तिला हक्काची जागा असते.

मला खुपत राहिली ती जोडवाक्यं. पाच-सात वर्षं ओलांडायची म्हणजे काहीतरी लिहावं लागतंच. ‘बघता बघता पोरं हाताशी आली.’ ‘आणीबाणी आली तशी गेली.’ हे निवेदनातून काढून पात्रांच्या तोंडी घातलं, तर नळावर बादली लावून उभी असलेली बाई शेजारणीला तिला आधीच ठाऊक असलेली बातमी सांगू लागते. प्रत्येक खर्ड्यात मी ही वाक्यं खोडली आणि पुढच्या खर्ड्यात ती वेगळ्या शब्दांत परत आली.

संपाशी तर गाडी अडलीच. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मग ‘संप संपला’ हे वाक्य लिहायचं कसं? एकाच मजल्यावर तो वेगवेगळ्या दिवशी संपला. साचेखात्यातला एकजण अंधार असतानाच चपला हातात घेऊन जिना उतरू लागला, पहिल्या पाळीला. दुसरा बिऱ्हाड घेऊन कोकणात गेला. तिसऱ्याच्या बायकोने खानावळीची माणसं वाढवली आणि नवऱ्याला भाजी चिरायला बसवलं. हे जोडवाक्यात मावत नाही, आणि सगळं सविस्तर लिहिलं तर दीर्घकथा संपाचीच होऊन बसते.

कथामालिकेत ही अडचणच उरत नाही. एक कथा १९८१ च्या दिवाळीत, बोनसच्या वादावर थांबते. पुढची थेट १९८६ मध्ये उघडते आणि कालचा विणकर कुठल्याशा सोसायटीच्या फाटकाशी खाकी शर्टात बसलेला दिसतो. कारण कुणी विचारत नाही, वाचकालाही सांगावं लागत नाही. धागा म्हणून मी भाडेपावती ठेवली. पहिल्या कथेत ती नवी, ट्रंकेत जपलेली. नंतर आजोबा गेले तरी पावती त्यांच्याच नावाची. शेवटच्या कथेत पुनर्विकासाचा सर्व्हे करणारा माणूस तीच मागतो आणि तोवर बोलणारे दोन भाऊ गप्प होतात.

मालिकेतही खोट आहे. प्रत्येक कथा सुटी छापली जावी म्हणून कोण कुठल्या खोलीतला, कुणाचा कोण, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. तो १९७० चा अबोलाही तिच्यात थोडा पातळ झाला, हे मान्य करायला हवं. तुमचा ऐवज दोनच माणसांचा असेल तर कदाचित दीर्घकथा बरी. मजला हाच नायक असेल, तर मी मालिकेकडेच वळेन.

तसं ठरलं, तर कुठल्या वर्षावर कथा लिहायची नाही ते आधी ठरवा. माझ्या मालिकेत १९८२ नाही. १९९३ चा जानेवारी आहे. दंगलीत मजल्यावरचं एक बिऱ्हाड रातोरात निघून गेलं, आणि ती खोली कुणाच्या पदरात पडणार याची कुजबुज त्यांचं कुलूप दाराला असतानाच सुरू झाली. दीर्घकथेत हा प्रसंग दोन ओळींत उरकला गेला होता. मालिकेत तो सगळ्यांत लांब झाला.