आठ महिने वापरल्यावर: वावरात जागा चुकवणारा फोन आणि सापडलेलं कारण

जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर हा फोन घेतला, तेरा हजारांना. बॅटरी दिवसभर पुरते, उन्हात स्क्रीन दिसते, कॉलचा आवाज चांगला आहे. त्यावर जास्त लिहीत नाही. लिहायचंय ते जीपीएसबद्दल. ई-पीक पाहणीत वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो आणि फोननं जागा बरोबर धरली तरच नोंद होते. सातबाऱ्यावर पीक चढायचं ते असंच. म्हणून हा बिघाड मला फार लागला.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे. वावर अडीच किलोमीटरवर, रस्ता पांदणीचा, आणि नाला ओलांडला की नेटवर्क जातं. तिथे जागा सापडायला पहिल्या दिवसापासूनच पाच-सात मिनिटं लागायची. हा फोनचा दोष नव्हता, हे नंतर कळलं. इंटरनेट असलं की कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती फोन नेटवरून झटकन घेतो. नेट नसलं तर ती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते, सुमारे २०,२०० किलोमीटरवरून आणि सेकंदाला फक्त ५० बिट या वेगानं. एका उपग्रहाची नेमकी माहिती दर ३० सेकंदांनी फिरून येते. मधेच बाभळीखाली गेलो आणि सिग्नल तुटला की पुढच्या फेरीची वाट पाहायची. आता घरून निघताना अंगणात नेट चालू ठेवून नकाशा उघडतो, निळा ठिपका स्थिर झाला की मगच निघतो. ही माहिती काही तासच कामाची असते, त्यामुळे सकाळी केलेलं संध्याकाळी पुरत नाही.

ऑगस्टमध्ये मात्र वेगळंच सुरू झालं. कपाशीत उभा असताना फोन मला नाल्यापलीकडे, अर्धा-पाऊण किलोमीटर लांब दाखवू लागला. बॅटरी सेव्हर बंद केला, ॲपला अचूक लोकेशनची परवानगी दिली, कव्हर काढलं, फोन रीस्टार्ट केला. हातात धरून इंग्रजी आठसारखा फिरवून पाहिला. त्यानं होकायंत्र सुधारतं, जागा नाही. कशानंच फरक पडला नाही. खरिपाची नोंद शेवटी धाकट्या भावाच्या फोनवरून करून घेतली.

मग दोन्ही फोनवर ‘जीपीएसटेस्ट’ हे ॲप टाकलं. त्यात प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलची ताकद आकड्यात दिसते. एकाच धुऱ्यावर, एकाच वेळी भावाच्या जुन्या फोनवर आकडे ३५ ते ४२, माझ्या नव्या फोनवर १८ ते २४. जागा पक्की करायला निदान चार उपग्रह लागतात, माझ्याकडे तेवढेही धड लागत नव्हते. मग नेटवर्क होतं तिथली शेवटची जागाच फोन दाखवत राहायचा, म्हणून तो ठिपका नाल्यापलीकडे. आभाळ दोघांचं एकच होतं, म्हणजे बिघाड फोनच्या आतच असणार.

काका शेजारीच होते. म्हणाले, “फोन पडला होता ना तुया श्रावणात? काच बदलून आणली होती. तवापासूनच तं नाही होय हे?”

अगदी तेव्हापासूनच होतं. तालुक्याच्या दुसऱ्या दुकानात फोन उघडून घेतला. मागचं पॅनल बसवताना अँटेनाला टेकणारी बारीक पत्री दबली होती आणि तिथे धूळही बसली होती. त्यानं पत्री हलकेच वर केली, जागा पुसली, दीडशे रुपये घेतले. त्याच संध्याकाळी धुऱ्यावर आकडे ३४ ते ४० आले. जानेवारीत हरभऱ्याची पाहणी याच फोनवरून केली.

ज्यांचा फोन उघडून झालाय, त्यांनी सेटिंग चाळत बसण्याआधी दुसऱ्या फोनशेजारी ठेवून हे आकडे पाहावेत. मी ते आधी केलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

तक्रार अजून एक आहे. आंब्याखाली जागा वीस-पंचवीस मीटर हलते, टिनाच्या शेडखाली तर येतच नाही. हा फोन जीपीएसची एकच फ्रिक्वेन्सी घेतो. एल-५ ही दुसरीही घेणारे फोन झाडांच्या आसपास जास्त स्थिर राहतात. पुढचा फोन घेताना आधी तेच विचारेन.

मोकळ्या आभाळाखाली पाच मीटरचा फरक मात्र चांगल्या फोनलाही पडतो. मागच्या महिन्यात शेजारच्या वावरवाल्या भाऊंनी या फोननं धुरा मोजून दे म्हटलं. मी नाही म्हणालो आणि मोजणीचा अर्ज भरायला त्यांच्यासोबत गेलो.