गाडीचा हीटर गार हवा फेकतो तेव्हा: इन्फ्रारेड थर्मामीटर आठ महिने वापरून

हीटरचं बटण पूर्ण गरमवर, पंखा जोरात, तापमानाचा काटा बरोबर मध्यावर आणि जाळीतून मात्र गार हवा. गॅरेजमध्ये यावर ठरलेलं निदान मिळतं: हीटर कोअर (इंजिनातलं गरम पाणी, म्हणजे कूलंट, ज्यातून फिरून केबिनची हवा तापवतं तो छोटा रेडिएटर) गेलाय, डॅशबोर्ड खोलावा लागेल. कित्येक गाड्यांत ही अख्ख्या दिवसाची मजुरी असते, आणि बिघाड बरेचदा डॅशबोर्डच्या मागे नसतोच. तो खर्च टाळायचा म्हणून हे पिस्तुलासारखं, न टेकवता पृष्ठभागाचं तापमान सांगणारं थर्मामीटर घेतलं. अंतर आणि मोजलं जाणारं वर्तुळ यांचं गुणोत्तर १२:१, एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो याचा आकडा) ०.९५ वर कायमची बसवलेली, लेसरचा ठिपका. बाकीचे आकडे खोक्यावर असतातच.

पहिले दोन महिने माझं मत वाईट होतं. थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेच्या) अ‍ॅल्युमिनियमच्या आवरणावर रोखलं की ४१ अंश, आणि त्याच क्षणी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) कूलंट ८८ अंश दाखवणार. असल्या आकड्यावर विसंबलं तर चांगला थर्मोस्टॅट भंगारात जातो. आता कळतं की यंत्र बिघडलेलं नव्हतं. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि आजूबाजूच्या गार वस्तूंचं प्रतिबिंब दाखवतो. ०.९५ हा आकडा रबर, प्लास्टिक, रंगवलेला पत्रा यांच्यासाठी जुळतो, उघड्या अ‍ॅल्युमिनियमसाठी मुळीच नाही. माहितीपत्रकात हे ठळक छापायला हवं होतं. एका बारीक ओळीत उरकलंय, त्याचा राग अजून आहे.

उपाय मात्र सोपा निघाला. इंजिन गार असताना धातू पुसून त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा दाबून चिकटवायचा, इंजिन तापलं की त्या टेपवर मोजायचं. आकडा स्कॅनरच्या दोन-तीन अंशांत येतो. साधी पीव्हीसी टेप ८० अंशांच्या आसपासच टिकते, वर गोंद पातळ होतो. म्हणून मोजून झालं की काढून टाका. रबरी होजवर (नळीवर) टेपची गरज नाही.

दुसरी खोच अंतराची. १२:१ म्हणजे ३० सेंमीवरून अडीच सेंमीचं वर्तुळ मोजलं जातं, आणि हीटरची होज बाहेरून जेमतेम तेवढीच जाड असते. लांबून मोजलं तर होजबरोबर मागचा पत्राही मोजला जातो. १० ते १२ सेंमीवरून मोजा. इतक्या जवळून लेसरचा ठिपका आणि खरी मोजली जाणारी जागा यांत सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा फरक पडतो, तेव्हा यंत्र किंचित हलवून सगळ्यात मोठा आकडा धरा. हात, बाही, ओढणी इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यापासून लांब ठेवा. रेडिएटरचा विजेचा पंखा अचानक सुरू होतो.

आता खरं काम. मोजण्याआधी, इंजिन पूर्ण गार असताना, रेडिएटरचं झाकण उघडून पातळी बघा. नुसती बाजूची टाकी बघून भागत नाही, ती भरलेली असून रेडिएटर रिकामा असू शकतो. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. कूलंट कमी असणं हे सगळ्यात स्वस्त कारण. बऱ्याच गाड्यांत हीटर कोअर उंचावर असतो, त्यामुळे हवा आधी तिथेच साठते.

पातळी ठीक असेल तर इंजिन पंधरा मिनिटं चालवा, हीटर पूर्ण गरमवर, पंखा मध्यम. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत जाणाऱ्या दोन होज शोधा आणि दोन्ही मोजा.

दोन्ही चांगल्या गरम, फरक दहा-बारा अंशांचा: पाणी व्यवस्थित फिरतंय. दोष हवा वळवणाऱ्या फ्लॅपचा, त्याच्या मोटरचा किंवा सुटलेल्या केबलचा. डॅशबोर्डखालून टकटक आवाज येत असेल तर मोटरचे प्लास्टिकचे दाते झिजलेत. एका बाजूला गरम, दुसऱ्या बाजूला गार हवा येणाऱ्या दुहेरी हीटरमध्येही आधी हेच बघा.

एक गरम, दुसरी पंचवीस-तीस अंशांनी गार: कोअरमधून पाणी नीट जात नाही. काही गाड्यांत होजवरच झडप असते, तिच्या दोन्ही बाजूंना मोजा. झडप ठीक असेल तर इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर ठेवा. गार होज तापली आणि आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर) पुन्हा उतरली, तर हवा अडकलीय किंवा वॉटर पंप अशक्त आहे. काहीच फरक पडला नाही, तर कोअर चोंदलाय.

दोन्ही पन्नास-साठवर अडकलेल्या: बहुधा थर्मोस्टॅट उघडाच राहिलाय. पुढच्या गार स्टार्टला रेडिएटरची वरची होज दर मिनिटाला मोजा. बरोबर थर्मोस्टॅट असेल तर ती बराच वेळ कोमट राहते आणि इंजिन ८२-८८ च्या आसपास पोचलं की झपकन चढते. पहिल्या मिनिटापासून इंजिनाबरोबर हळूहळू चढली तर थर्मोस्टॅट बदला. तो खालच्या बाजूला असेल तर खालची होज मोजा. स्कॅनरवर पी०१२८ (कूलंट पुरेसं तापत नाही असं सांगणारा कोड) दिसला तर शंका आणखी पक्की होते. काट्यावर जाऊ नका, अनेक गाड्यांत तो बऱ्याच मोठ्या टप्प्यात मध्यावरच बसून राहतो.

कोअर चोंदलाय असं निघालं तरी डॅशबोर्ड लगेच खोलू नका. इंजिन गार असताना दोन्ही होज काढून साध्या नळीने, कमी दाबाने, आधी उलट दिशेने पाणी सोडा. गाळ निघायचा थांबेपर्यंत दिशा बदलत राहा. जोराचा दाब दिला तर जुन्या कोअरचे सांधे फुटतात. गळती बंद करणारी पूड कूलंटमध्ये कधीही टाकू नका, कोअरच्या बारीक नळ्या तीच बुजवते. नंतर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा, पुढची चाकं उंचावर घ्या आणि झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवा. बुडबुडे थांबतच नसतील आणि कूलंट घटत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सील) तपासून घ्या. पायाखालचं कार्पेट ओलं, गोडसर वास, काचेवर चिकट धुकं, असं असेल तर मात्र कोअर खरोखर गळतोय आणि डॅशबोर्ड खोलण्याला पर्याय नाही.

एक उणीव कायमची: हवेचं तापमान हे यंत्र मोजू शकत नाही. जाळीवर रोखलं तर प्लास्टिकच्या पट्ट्यांचं तापमान मिळतं. हवेसाठी सळईवालं साधं थर्मामीटर जाळीत खोचा.

पाचपैकी चार. एक गुण त्या बारीक ओळीसाठी कापला.